हलका हेडफोन, तरी कान का दुखतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४३. घरून काम करते. मुलाखती, बैठका, भाषणं यांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती मराठीत टाइप करायची. रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस. कानात घालायच्या इअरफोनने खाज सुटायची, म्हणून ते बंद केले. अख्खा कान झाकणारा मोठा हेडफोन उन्हाळ्यात घामाने नकोसा झाला. म्हणून चार दिवसांपूर्वी कानावर टेकणारा वायरलेस हेडफोन मागवला, दीडशे ग्रॅमच्याही आतला. पण पाऊण तासात कान ठणकायला लागतात, त्यातही उजवा जास्त. मला चष्मा आहे, कानात कुड्या असतात. संध्याकाळी शास्त्रीय गाणं ऐकते, तर डग्गा आणि तानपुरा पोकळ वाटतात. घरचे म्हणतात, नवीन आहे, सवय होईल. परत करायला तीन दिवस उरलेत. याहून हलका घेऊ का? हलक्या हेडफोनकडून चांगल्या आवाजाची अपेक्षाच करू नये का? की माझेच कान नाजूक आहेत?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कान सगळ्यांचेच नाजूक असतात. खालची पाळी सोडली तर बाहेरच्या कानात पातळ कातडीखाली लगेच कूर्चा लागते, मध्ये चरबीचा थर जवळजवळ नसतो. कानावर टेकणारा हेडफोन ही कूर्चा थेट डोक्याच्या हाडावर दाबतो. तुमच्या बाबतीत या दोघांच्या मध्ये चष्म्याची काडी आहे आणि पाळीमागे कुडीची फिरकी आहे. पाऊण तासात कान दुखले यात तुमच्या कानांचा काहीही दोष नाही.

आता वजनाचं. हेडफोनचं वजन डोक्याची टाळू उचलते. कानाला सोसावा लागतो तो दोन्ही बाजूंचा दाब, आणि त्याचा वजनाशी फारसा संबंध नसतो. उलट हलक्या हेडफोनला डोक्यावर टिकून राहण्यासाठी बहुतेक वेळा पकडीचाच आधार घ्यावा लागतो. गाद्या लहान, पट्टी बारीक, मग घसरू नये म्हणून चिमटा घट्ट ठेवतात. १९७९ साली सोनीच्या पहिल्या वॉकमनसोबत आलेला हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा होता. म्हणजे वजन कमी करण्याचं कोडं तेव्हाच सुटलेलं आहे. आज दीडशे ग्रॅमचा सोडून शंभराचा घेतलात आणि त्याची पकड तेवढीच निघाली, तर कानाला काडीचा फरक कळणार नाही.

दाब घरी मोजता येतो, आणि तो एकदा मोजून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण खोक्यावर हा आकडा सहसा छापलेला नसतो. आधी तुमच्या डोक्याची रुंदी काढा. एक कान भिंतीला हलकेच टेकवून उभ्या राहा, दुसऱ्या कानाला कुणाकडून तरी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला समांतर धरून घ्या, आणि भिंत ते पुस्तक हे अंतर मोजा. मोठ्या माणसांचं ते साधारण १४ ते १७ सेंटिमीटर भरतं. आता हेडफोन आडवा धरा, एक कप वर आणि एक खाली. खालच्या कपाच्या मधोमध कापडी पिशवीचा बंद अडकवा, पिशवीत रिकामी बाटली ठेवा आणि थोडं थोडं पाणी ओतत जा. दोन गाद्यांमधलं अंतर तुमच्या डोक्याच्या रुंदीइतकं झालं की थांबा आणि पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जो आकडा येईल तितक्या ग्रॅमचा दाब प्रत्येक कानावर पडतोय. खालच्या कपाचं स्वतःचं वजनही त्यात धरायला हवं, पण ढोबळ अंदाजासाठी एवढं पुरतं. २५० ग्रॅमच्या आसपास आला तर दिवसभराच्या कामाला चालेल. ४०० च्या वर गेला तर चष्मेवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

गादी किती मोठी आहे हेही बघा. ५ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट फोमच्या गादीला सुमारे २० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. ६ सेंटिमीटरच्या गादीला २८ मिळायला हवी, पण मधे ३ सेंटिमीटरचं भोक असेल तर ७ वजा होऊन २१ च उरते. मोठी दिसणारी कडीच्या आकाराची गादी म्हणूनच फसवी असते. शिवाय कान सपाट नाही. त्याच्या आतल्या उंच कडेवर बराचसा भार येतो आणि कडक गादी नेमकी तिथेच टोचते. बोट दाबल्यावर सहज अर्ध्यापर्यंत बसणारी आणि सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत सावकाश वर येणारी गादी बरी. लगेच उसळी मारणारी गादी कानालाही तसाच प्रतिकार करते.

उजवा कान जास्त दुखतो, यामागचं कारण बहुधा चष्म्यात सापडेल. चष्मा काड्या उघडून, उलटा करून काचेसारख्या सपाट टेबलावर ठेवा. एक काडी टेबलापासून उचललेली राहिली तर फ्रेम वाकडी आहे. चष्म्याच्या दुकानात ती पाच मिनिटांत सरळ करून देतात. मग हेडफोनची पट्टी लांब-आखूड करायच्या खाचा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते मोजा. त्यानंतर वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्या करा: नेहमीसारखं, फक्त चष्मा काढून, फक्त कुड्या काढून आणि दोन्ही काढून. प्रत्येक फेरीत, कान हलवायला हात पहिल्यांदा आपोआप कधी वर गेला ती वेळ लिहून ठेवा. या नोंदीला माझ्या मते ‘आरामदायक वाटतो का’ या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा जास्त किंमत आहे, कारण मन आपल्या खरेदीची बाजू घेतं, हात घेत नाही.

चष्मा काढल्यावर वेळ दुप्पट झाली तर दोष काडीत आहे. जाड प्लॅस्टिकच्या काड्यांपेक्षा धातूच्या बारीक काड्या हेडफोनखाली खूप सुसह्य होतात. टेबलावरच्या कामापुरती काडी कानाच्या खाचेत न बसवता थोडी वर, केसांवर टेकवली तरी चालतं. कुड्या काढून फरक पडला तर हेडफोन दोन्हीकडे एकेक खाच आखूड करून पाहा, म्हणजे गादी पाळीवरून वर सरकेल. बुगडी घालणाऱ्यांना मात्र कानावर टेकणारा कुठलाच प्रकार सोसत नाही. त्यांनी कामाच्या वेळी बुगडी काढावी किंवा मोठा हेडफोन घ्यावा. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

‘सवय होईल’ यात थोडं तथ्य आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फोम जरा मऊ होतो, पट्टी किंचित सैल पडते. पण पाऊण तासाचे सहा तास होण्याइतका हा बदल कधीच नसतो. पट्टी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. स्टीलची पट्टी असेल तर तो लागू पडतो: डोक्याच्या रुंदीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त रुंद गठ्ठा घ्यायचा, आठ-दहा तास ठेवायचं आणि मग घालून बघायचं. नुसत्या प्लॅस्टिकची पट्टी बिजागरीपाशी तडकते. आणि परत करायची मुदत चालू असताना यातलं काहीही करू नका. ताणलेला किंवा वळ उमटलेला माल विक्रेता नाकारू शकतो.

आता आवाज. तुम्ही आराम आणि आवाज यांची दोन वेगळी खाती मांडली आहेत, आणि मला नेमकं तेच पटत नाही. कानावर टेकणाऱ्या, कपाची पाठ बंद असलेल्या हेडफोनमध्ये खर्ज टिकतो तो गादी आणि कान यांच्यात फट नसेल तरच. फट पडली की खालचे सूर तिथूनच निसटतात. म्हणजे जो दाब दुखवतो, तोच डग्गा ऐकवतो. दुखतं म्हणून तुम्ही हेडफोन जरा सैल किंवा तिरका ठेवत असाल आणि तुम्हाला आवाज पोकळ वाटत असेल, तर या दोन तक्रारी एकाच ठिकाणाहून येतायत.

हे दहा सेकंदांत कळतं. तबल्याची साथ असलेलं ओळखीचं ध्वनिमुद्रण लावा आणि दोन्ही कप बोटांनी हलकेच आत दाबा. डग्ग्याची मींड एकदम भरून आली तर हेडफोनला खर्ज आहे, तुमच्या कानापर्यंत पोचत नाही इतकंच. चष्म्याची काडी कानाच्या पुढच्या वरच्या बाजूला गादी उचलून धरते, फट बहुधा तिथे असते. दाबूनही काहीच फरक पडला नाही, तर तो हेडफोन मुळातच तसा आहे. मग कप अर्धा-अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे, वर-खाली सरकवून बघा. टाळांचा आणि ‘स’काराचा धारदारपणा एवढ्याशा हालचालीनेही बदलतो. बरेच जण हेडफोन जरा मागे घालतात. कानाच्या भोकाच्या बरोबर समोर कपातला आवाज काढणारा पडदा आला पाहिजे.

तानपुऱ्याची परीक्षा घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. हा मूळ सूर छोट्या हेडफोनमधून जवळजवळ आला नाही, तरी वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारे सूर, ऐकून मेंदू तो मनातच पुरा करतो. म्हणून ‘खर्ज ऐकू येतो का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’च येतं. विचारायचं ते असं: चार तारांमधली शेवटची तार छेडली की खाली जमीन असल्यासारखी ती टिकते का, की टणत्कार करून लगेच विरते? दुसरं, गाणाऱ्याचा आवाज तारसप्तकात गेल्यावर टोचतो का? हलक्या हेडफोनमध्ये खर्जाची उणीव झाकायला कधी कधी वरचे सूर भडक केलेले असतात. पहिली दहा मिनिटं ते ‘स्वच्छ’ वाटतात, तासाभराने डोकं दुखवतात.

दोन हेडफोनची तुलना करायची असेल तर आधी आवाजाची पातळी सारखी करा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन प्रत्येक वेळी चांगला वाटतो आणि दुकानात याच गोष्टीमुळे चुकीचा माल गळ्यात पडतो. बोलण्याचा एकच तुकडा दोन्हींवर लावून, बोलणारा तेवढ्याच अंतरावर बसल्यासारखा वाटेपर्यंत पातळी जुळवा आणि मगच गाणं लावा. ‘शंभर तास वाजवला की आवाज उघडतो’ असं विक्रेता म्हणाला, तर तेवढ्यासाठी परतीची मुदत घालवू नका. त्या काळात मुख्यतः गादी मऊ होते आणि आपला कान रुळतो.

तुमच्या कामाच्या दृष्टीने मला वजनापेक्षा वायरलेस असण्याची जास्त काळजी वाटते. ध्वनिमुद्रण लिहिताना तुम्ही दर काही सेकंदांनी थांबवता आणि पुन्हा चालू करता. अनेक ब्लूटूथ हेडफोन शांतता पडली की झोपतात आणि पुन्हा सुरू होताना पहिलं अक्षर गिळतात. ‘नाही’तला ‘ना’ गेला तर वाक्याचा अर्थच उलटतो. दुसरं, संगणकावर एखादी मीटिंग किंवा बोलून टाइप करण्याची सोय उघडी राहिली आणि तिने हेडफोनचा माइक घेतला, की ब्लूटूथ संभाषणाच्या पद्धतीवर जातं. तेव्हा बहुतेक हेडफोनमध्ये ४ हजार, फार तर ८ हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो. ‘स’चा बराच जोर त्याच्या वरच्या भागात असतो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ सारखे ऐकू येऊ लागतात. तपासायला आकड्यांची यादी वापरा: सात, साठ, आठ, पाच, पन्नास, छप्पन्न, सदुसष्ट, अडुसष्ट. कुणाकडून तरी फोनवर जरा दुरून, पंखा चालू ठेवून मुद्रित करून घ्या. पहिल्या ऐकण्यात सगळे आकडे बरोबर लिहिता आले तर हेडफोन तुमच्या कामाचा.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: हा परत करा. पण आजच परतीच्या अटी वाचा, कारण काही ठिकाणी पैसे मिळतात तर काही ठिकाणी फक्त तोच माल बदलून मिळतो. खोकं, वायर, गाद्यांवरचं प्लॅस्टिक सगळं जपून भरा आणि पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा.

त्याऐवजी तारेचा, मागून उघडा (म्हणजे कपाची पाठ बंद नसलेला) आणि फोमच्या गादीचा घ्या. उघड्या रचनेत गादीला हवाबंद बसावंच लागत नाही, म्हणून कमी दाबातही आवाज पुष्कळसा भरीव राहतो, कान तापत नाहीत, आणि कुकरची शिट्टी किंवा दारावरची बेल ऐकू येते. या प्रकाराचा ओळखीचा नमुना म्हणजे अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कॉस कंपनीचा पोर्टा प्रो. तो १९८४ पासून जवळपास त्याच रूपात बनतोय. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन टप्प्यांची खिट्टी असते. ती सरकवली की कानावरचा भार कानाच्या वर, कानशिलापाशी टेकणाऱ्या छोट्या गाद्यांवर जातो. चष्मेवाल्यांनी सर्वांत हलक्या टप्प्यापासून सुरुवात करावी. त्याचा विद्युतरोध साठ ओहम, म्हणजे जरा जास्त असला तरी तो लॅपटॉपवर पुरेसा मोठा वाजतो. डग्ग्याला चांगला घुमार मिळतो, टाळांची चमक थोडी मऊ असते, आणि दिवसाचे सहा तास ऐकणाऱ्याला ही मऊ बाजू उपकारकच ठरते. खोड सांगायला हवी: एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्टीत केस अडकतात. काढताना आधी दोन्ही कप बाहेर ओढावेत आणि मग उचलावा. लांब केस असतील तर पट्टीखाली पातळ रुमाल चालतो. हाच घ्या असा आग्रह नाही. कमी दाब, फोमची गादी, उघडी पाठ, तार आणि वेगळी मिळणारी गादी, हे पाच गुण ज्यात असतील तो बघा. पट्टी नसलेला, कानाला आकड्याने अडकणारा प्रकार त्याहून हलका असतो, पण त्याचा आकडा आणि चष्म्याची काडी एकाच जागेसाठी भांडतात. तुम्ही तो टाळा.

हाच सल्ला लोकल किंवा बसने जाणाऱ्यांना देता येणार नाही. उघडा हेडफोन बाहेरचा गोंगाट अजिबात अडवत नाही आणि आपलं गाणं शेजारच्याला ऐकवतो. गोंगाटावर मात करायला मग आवाज चढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ८५ ला ती मुदत साडेबारा तासांवर येते आणि ९० ला फक्त ४ तास. तुमचे आठवड्याचे ३६ तास कामातच जातात, त्यात संध्याकाळचं गाणं धरलं की ४० होतातच. म्हणून पंखा आणि खिडकी बंद करून आधी पातळी ठरवा, बोलणं कळेल इतकीच, आणि पंखा लावल्यावर ती वाढवू नका. खर्ज कमी वाटला तर सगळाच आवाज चढवण्यापेक्षा इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीत) १०० हर्ट्झपाशी ३ डेसिबल वाढवा आणि एकूण पातळी तेवढीच खाली घ्या. ६-८ डेसिबल वाढवायला गेलात तर हेडफोनचा लहान पडदा फाटल्यासारखा वाजेल.

नवा आला तरी दर तासाला पाच मिनिटं तो खाली ठेवा. हेडफोन काढल्यावर लाली दहा-पंधरा मिनिटांत जायला हवी. रात्रीपर्यंत दुखत राहिलं, कानाच्या कडेवर दुखरी बारीक गाठ आली, सतत गुंई आवाज येऊ लागला किंवा एका कानाने कमी ऐकू आलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उजवा कान हेडफोन न घालताही त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, तर हेडफोन बदलण्याची वाट न पाहता दाखवा.

फोमच्या गाद्या तेल-घामाने खराब होतात. पंधरवड्यातून एकदा काढून, कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचा थेंबभर फेस करून बोटांनी दाबून धुवा. पिळू नका. सावलीत पूर्ण वाळवा, कारण उन्हाने फोम ठिसूळ होतो. रेक्झिनच्या गाद्या पावसाळी दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, एक-दोन वर्षांत पापुद्रे सोडू लागतात आणि काळे कण केसांत अडकतात. तशा गाद्या धुवायच्या नसतात, रोज कोरड्या कापडाने पुसायच्या. फोमच्या दोन जोड्या हेडफोनबरोबरच मागवून ठेवा. मापात व्यास अर्ध्या सेंटिमीटरनेही कमी निघाला तर चढवताना फोम कडेला फाटू शकतो, तेव्हा जुनी गादी आधी मोजपट्टीने मोजून घ्या.